आमच्या घरची वारी



वारी घरात येते ती कुणाच्या तरी पायांनी येते. तुमच्याही घरी ती अशीच आली असेल. कुणाच्या पणज्याने आणली, कुणाच्या आजीने माहेराहून आणली, कुणाकडे नवस फेडायला म्हणून एकदाच गेलेला माणूस गळ्यात माळ घालून परतला तो कायमचा. आमच्या घरी ती आबांनी आणली. आबा म्हणजे माझे आजोबा, वडिलांचे वडील. त्यांच्यावर लिहावे असे फार दिवसांपासून मनात होते. पण ह्या पानांवर ज्यांच्या आठवणी येतात ते कीर्तनकार असतात, फडाचे चालक असतात, ज्ञानेश्वरीचे पाठक असतात. आबांनी उभ्या आयुष्यात प्रवचन केले नाही. त्यांना ज्ञानेश्वरी वाचता येत नव्हती, कारण मुळात वाचताच येत नव्हते. हरिपाठ तोंडपाठ होता, तोही कानाने उचललेला, चालीसकट. ते शेतात राबत आणि लोकांना हसवत. एवढ्या भांडवलावर लेख होतो का, हे तुम्हीच वाचून ठरवा.

आमचे गाव माण तालुक्यात, शिखर शिंगणापूरच्या बाजूला. महाबळेश्वर आमच्याच सातारा जिल्ह्यात आहे, हे सांगून बाहेरच्या माणसाला पटत नाही. तिकडे पाऊस चार महिने थांबत नाही आणि आमच्याकडे तो येतो की नाही यावर पैजा लागतात. डोंगर अडवून धरतो आणि राहिलेले ढग आमच्या डोक्यावरून तसेच पुढे निघून जातात. माळरान, मेंढरं, बाजरी, रब्बीची ज्वारी आणि खोल विहिरी, अशी आमची वतनदारी. १९१८ साली मानमोडीची साथ आली, तिने आबांचे दोन थोरले भाऊ नेले. आबा त्यानंतरच्या वर्षातले. त्यामुळे घरात त्यांचे लाड झाले असतील असे कुणाला वाटेल. पण लाड करायला घरात काही असावे लागते. सातव्या वर्षी ते गुरांमागे गेले आणि बाराव्या वर्षी मोटेवर उभे राहिले.

मोट आता कुणी पाहिलेली नाही, म्हणून थोडे सांगतो. विहिरीच्या काठापासून उताराची धाव असते. बैल त्या उतारावरून खाली जातात तशी भरलेली मोट वर येते आणि थारोळ्यात पाणी ओतते. मग बैलांना तोंड न वळवता मागे मागे सरकत पुन्हा काठापर्यंत यावे लागते. उतारावर जाताना मोटकरी नाड्यावर बसतो, म्हणजे त्याचे वजनही बैलांच्या कामी येते. परतताना तो पायी. असे सकाळच्या चार तासांत किती फेरे होत, ते मोजायची पद्धत नव्हती. आबा अभंगांनी मोजत. काकड्याचे अभंग संपले की पहिला वाफा भिजलेला असे, गौळणी संपेपर्यंत चौथा. गावात विनोद होता की आबांच्या मळ्यातल्या मिरच्यांना टाळ नसताना भजन ऐकायची सवय आहे. पुढे विहिरीवर ऑईल इंजिन आले. आबांनी ते दोन दिवस लक्षपूर्वक पाहिले आणि म्हणाले, "बैल आपलं ऐकत्यात तरी. ह्यो गडी नुसता बोलतोय."

त्यांना मोकळ्या हातांनी बसलेले मी जेवताना सोडून कधी पाहिले नाही. पारावर बसले तरी मांडीवर घायपाताचा वाख असे आणि बोटे दोर वळत असत. कासरे, दावी, नाडे, सगळे घरी. कीर्तनालाही ते वाख घेऊनच जात. एका सप्ताहात बाहेरगावचे एक महाराज आले होते, मोठे विद्वान. त्यांनी भर कीर्तनात आबांकडे पाहून ऐकवले की हरिकथेत हात प्रपंचात आणि कान परमार्थात, असा दुटप्पीपणा चालत नाही. मंडपात शांतता. आबा उठून उभे राहिले, हात जोडले आणि म्हणाले, "हात मोकळं ठेवलं की डोळा लागतोय, म्हाराज. पहाटं तीनला उठलोय." महाराजांनाच हसू आवरेना. दुसऱ्या दिवशी त्यांनी निरूपणात सावता महाराजांचे चरित्र घेतले. अरणच्या मळ्यातून सावतोबा हलले नाहीत, पांडुरंगच त्यांच्या भेटीला गेला, ही कथा आपण सर्वांनी ऐकलेली आहे. पण त्या दिवशी मंडपातले सगळे लोक महाराजांकडे कमी आणि आबांच्या बोटांकडे जास्त पाहत होते. जाताना महाराज एक कासरा मागून घेऊन गेले.

वारी त्यांनी अठराव्या वर्षी धरली, १९३७ साली. माउलींच्या पालखीबरोबर, आळंदीपासून. आमच्याकडचे बरेच लोक त्या काळी फलटणला किंवा नातेपुत्याला जाऊन पालखीत मिसळत, कारण ते जवळ. आबा मात्र प्रस्थानाला आळंदीत हजर असत. यातली ओढाताण शेतकरी वारकऱ्यालाच कळेल. प्रस्थान ज्येष्ठ वद्य अष्टमीला. मृगाचा पाऊस वेळेवर झाला तर बाजरीची पेरणी करून माणूस सुखाने निघतो. पाऊस लांबला तर पाभर बांधावर उभी आणि पालखी आळंदीत उभी, अशी गत होते. आबा त्या दिवसांत रात्रीची पेरणी करत. चांदण्यात पाभर चालवलेली मी पाहिली आहे. आजी मागून चाड्यावर बी सोडत असे. पेरून झाले की ते आंघोळ करत, गोपीचंदन लावत, पडशी खांद्याला अडकवत आणि निघत. आजी रानातून परत येऊन चुलीपुढे बसत असे. हे वाक्य मी लिहिले ते तुम्ही लक्षात ठेवा. पुढे त्याचे काम आहे.

वारीतले आबा म्हणजे दुसराच माणूस असे आमचे काका म्हणत. मला तसे वाटत नाही. तोच माणूस, फक्त पाठीवरचे ओझे अठरा-वीस दिवसांसाठी उतरवलेला. ते टाळकरी होते आणि पावली धरली की त्यांच्या शेजारच्याला दम लागे. फुगडीला त्यांना जोडीदार पुरत नसत. दिवेघाट चढून सासवडच्या तळावर लोक पाय चोळत बसलेले असताना हे उठून कुणातरी अनोळखी माणसाला म्हणत, "या माउली, गुडघं गंजत्याल." एकदा बंदोबस्तावरच्या एका पोलिसाला त्यांनी ओढले. तो आधी नाही म्हणाला, मग टोपी शेजारच्या वारकऱ्याच्या हातात दिली आणि असा फिरला की आबांनाच गरगरले. वर्षभर ते सांगत होते, "सरकारानं मला आस्मान दाखवलं."

त्यांचा आवडीचा वेळ समाजआरतीचा. ज्यांनी पालखीतला मुक्काम अनुभवला आहे त्यांना तो प्रसंग सांगायला नको. संध्याकाळी तळावर सगळ्या दिंड्या गोलाकार उभ्या राहतात, टाळमृदंगाचा कल्लोळ चाललेला असतो आणि चोपदार चोप उंच करतात. एका क्षणात एवढा समुदाय गप्प. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती तेवढी टाळ वाजवत राहते, चोपदार तिथे जातात, ऐकून घेतात. मग दुसऱ्या दिवशी निघायची वेळ आणि हरवल्या-सापडल्याचा पुकारा होतो. आबा हा पुकारा कान देऊन ऐकत आणि घरी आल्यावर आम्हा पोरांना त्याची यादी सांगत. एक जोडा, डावा. एक चष्मा. दोन पितळी तांबे. एका वर्षी दातांची कवळी. "कवळी सापडली, पण घ्यायला कोण फुडं यीना," आबा सांगत, "मागायला त्वांड उघडावं लागतंय." ही गोष्ट मी लहानपणी निदान पंधरा वेळा ऐकली असेन, आणि दर वेळी ते आधी स्वतःच हसत सुटत, त्यामुळे शेवट ऐकायला आम्हाला थांबावे लागे.

आज कुणी म्हणतात, वारीत आता फोटोवाले फार झाले, गंभीरपणा राहिला नाही. गंभीरपणा वारीत पूर्वी कधी फार होता, असे मला आबांकडे पाहून तरी वाटत नाही. हमामा, हुतूतू, एकीबेकी, फुगडी हे खेळ आपल्या संतांच्याच अभंगांतून आलेले आहेत. नाथ महाराजांनी जोशी, वासुदेव, गोंधळी, भूत आणि विंचू हे सगळे परमार्थाच्या कामाला लावले. आणि फोटोवाल्यापुढे आबा आनंदाने उभे राहिले असते, वर फेटा नीट करायला वेळ मागितला असता.

१९७२ च्या दुष्काळात मी नऊ वर्षांचा होतो. आमच्या विहिरीचा तळ दिसला, मग तळाला भेगा दिसल्या. खिलार जोडी विकावी लागली. ती ज्या दिवशी गेली त्या दिवशी आबा रानात गेले ते रात्रीच आले, आणि कुणी काही विचारले नाही. नंतर घरातली सगळी मोठी माणसे खडी फोडायला आणि पाझर तलावाच्या कामावर जाऊ लागली. पन्नाशी उलटलेले आबा उन्हात हातोडी घेऊन बसत. सुकडी मिळे. रेशनवर तांबडा मिलो मिळे, त्याची भाकरी थापली की तुटे आणि खाल्ली की घशात अडे. आबा ती भाकरी हातावर घेऊन म्हणत, "बघा, बुक्क्याऐवजी कुक्कू लावून आलीया. लग्नाची भाकर हाय, मानानं खावा." पोरे हसत आणि हसता हसता घास जाई. कामावर दुपारच्या सुट्टीत बाभळीच्या सावलीला ते भारूड धरत. डफ नव्हता, खडीच्या घमेल्यावर ठेका. बायका डोक्यावरचा पदर तोंडात धरून हसत. मुकादम पहिल्यांदा ओरडला, पुढे तोच वेळ झाला की विचारू लागला, "आज कुठलं?"

लोक नंतर म्हणत, आबांना दुःख लागत नाही, आनंदी स्वभाव आहे. खोटे आहे. जोडी गेली त्या रात्री ते गोठ्यात झोपले. रिकाम्या गोठ्यात. मी हे पाहिले आहे, म्हणून लिहितो.

आता आजीकडे येतो. इतका वेळ आलो नाही, कारण आबांविषयी बोलायला लागले की आमच्या घरात सगळ्यांचे असेच होते. आजी राहून जाते.

आबांना माणसांची हौस फार. बाजारातून येताना दोन माणसे जेवायला घेऊन येत, वारीहून येताना पाच. कुणी वासुदेव, कुणी नंदीवाला, कुणी शिंगणापूरला कावड घेऊन निघालेले यात्रेकरू, सगळ्यांना आमच्या ओट्यावर जागा. ओट्यावर हशा चाले आणि आत आजी पिठाच्या मडक्यात हात घालून बघत असे की आणखी किती भाकरी होतील. तिच्या हाताखाली सुना येईपर्यंत तिला कुणाचा आधार नव्हता. आठ बाळंतपणे, त्यांतली सहा मुले जगली. पंढरपूर तिने पाहिले होते, एसटीने जाऊन, एका दिवसात. पायी वारी तिच्या वाट्याला आली नव्हती. कारण आबा वारीला गेले की घर, गुरे, उगवलेली बाजरी आणि तिची खुरपणी हे सगळे तिच्याकडे. हा हिशेब घरात कुणी मांडलेला नव्हता. आबांनीही नाही.

आणि मौज अशी की तो हिशेब आबांना पुरता ठाऊक होता. गावच्या सप्ताहात जागराच्या रात्री ते नाथांचे दादल्याचे भारूड करत. त्यात बायको नवऱ्याची गाऱ्हाणी गाते आणि शेवटी सगळा अर्थ परमार्थाकडे वळतो, हे तुम्ही जाणताच. आबा बायकोचे सोंग घेत. आजीचेच जांभळे लुगडे नेसत, कपाळाला आडवे कुंकू, हातात बांगड्या, तोंडावर पांढऱ्या मिशा तशाच. आणि मूळ भारुडाच्या मध्ये मध्ये स्वतःच्या पदरची वाक्ये घालत. "ह्यांला वर्सातनं एकदा इठ्ठल भेटतोय, बाई. मला रोज धा पाव्हणं भेटत्यात. इठ्ठल निदान जेवायला तरी मागत न्हाई!" बायकांच्या बाजूने असा हशा उठे की पखवाज थांबवावा लागे. सगळ्या बायका वळून आजीकडे पाहत. आजीही हसे.

१९७७ च्या सप्ताहात असेच भारूड झाले. घरी आल्यावर आबा लुगडे सोडून घडी घालत होते. आजी कंदिलाची वात खाली करत होती. ती म्हणाली, "सोंगात समदं कळतंय की तुमास्नी."

एवढेच. ती रागावलेली नव्हती, आवाज चढलेला नव्हता. मी शेजारी अंथरुणावर जागा होतो. आबांनी काही उत्तर दिले नाही. ज्या माणसाकडे दर गोष्टीला उत्तर होते त्याने ती घडी पुन्हा उलगडली आणि पुन्हा घातली.

पुढचे वर्ष उजाडले. मृग लागला, पेरणी झाली. प्रस्थानाला आठ दिवस राहिले तेव्हा आबा जेवताना म्हणाले, "औंदा तू जा."

आजीला आधी वाटले थट्टाच चालली आहे. मग तिने कारणे काढली आणि ती खरीच होती. माझ्या चुलतीचे दिवस भरत आले होते, म्हैस नुकतीच व्यालेली, खुरपणी तोंडावर. आबा म्हणाले, "बाळंतपण काय तू करनार हायेस? ती करनार. सुईन हाय. शेगडी मी पेटवतो." तीन दिवस हा वाद चालला. चौथ्या दिवशी दिंडीचे जाणते गृहस्थ घरी आले, कारण गोष्ट बाहेर गेली होती. ते आबांवर मनापासून प्रेम करणारे. त्यांनी समजावले की एकेचाळीस वर्षांचा नेम आहे, दुष्काळातही चुकला नाही, तो असा हाताने मोडू नये. दोघेही चला. आबा म्हणाले, दोघे गेल्यावर घर कोण बघणार. मग गृहस्थ म्हणाले, "मंग तुमी चला. वारी मोडतीया." आबांचे उत्तर मला शब्दशः आठवते: "मोडती कुठं? घरातनंच जातीया की."

नेम म्हणजे नेम, असे मानणारे वाचक ह्या पानांवर आहेत, आणि माळ घातलेल्या माणसाने देवाला दिलेला शब्द बायकोच्या पायांनी पुरा करावा का, असे ते विचारतील. विचारावे. नेमाचा कणा सैल झाला की सगळेच सैल होते हे खरे आहे. मी आजूबाजूला पाहतोच. पण आबांनी नेम सोडला तो आळसाने नाही आणि त्याची किंमत त्यांनी भरली. ती मी पाहिली, म्हणून माझा कल त्यांच्या बाजूला आहे.

आजी गेली. काकांनी तिला आळंदीला पोहोचवले. आणि आबा घरी राहिले. दिवसभर ते नेहमीसारखे. म्हशीची धार काढली, खुरपायला गेले, चुलतीला मुलगी झाली तेव्हा पाणी तापवले, शेगडीत निखारे घातले, बाळाला मांडीवर घेऊन हरिपाठ म्हटला. गावातले लोक ओट्यावर येऊन चिडवत, "आबा, डिंकाचं लाडू तुमीच खाताय का?" आबा म्हणत, "अर्धं." पण दिवस मावळला की ते ओट्याच्या कोपऱ्यात जाऊन बसत आणि बोटांवर मोजत. आज सासवड. आज जेजुरी. आज वाल्हे. आज नीरेत माउलींच्या पादुकांना स्नान. आज लोणंद. चांदोबाच्या लिंबाच्या उभ्या रिंगणाच्या दिवशी त्यांनी दुपारचे जेवण केले नाही. दुसऱ्या दिवशी फलटण आले, आमच्यापासून अगदी जवळ. वाटले असते तर एसटीने जाऊन दर्शन घेऊन रात्री परत आले असते. काका म्हणाले, मी घर बघतो, जाऊन या. ते गेले नाहीत. "तिला वाटंल, घरी कोन न्हाई," एवढेच म्हणाले. वाख मांडीवर असे, पण त्या दिवसांत दोर फारसा वळला गेला नाही.

आजी द्वादशीनंतर दोन दिवसांनी परतली. काळवंडलेली, पायांना भेगा, डोक्यावर तुळस, पिशवीत चुरमुरे, बत्तासे आणि बुक्क्याच्या पुड्या. वारीहून आलेल्या माणसाच्या पाया पडायचे, ही आपली रीत. सुना पडल्या, पोरे पडली, शेजारचे आले ते पडले. मग आबा ओट्यावरून उतरले आणि अंगणात सगळ्यांच्या देखत तिच्या पायांवर वाकले.

वारीत वृद्धाने पोराच्या पाया पडावे, ह्याचे आपल्याला काही वाटत नाही. पण हे तळ नव्हते, घरचे अंगण होते, आणि साल १९७८ होते. आजी एकदम मागे सरकली. म्हणाली, "आवं, काय करताय हे!" आबा तसेच वाकलेले राहून म्हणाले, "तुज्या न्हाई पडत. पंढरीची धूळ हाय, ती नेमकी तुज्या पायाला लागलीया, त्याला मी काय करू?" आणि सगळे अंगण हसले. त्यांनाही ते हवेच होते. नाहीतर आजी तिथेच रडली असती.

रात्री आजीने हरवल्या-सापडल्याची यादी सांगितली. त्या वर्षी कुणाची तरी शेळी सापडली होती. वारीत शेळी कुणी आणली, यावर घरात आठ दिवस चर्चा चालली.

पुढे पाळी ठरली, एक वर्ष हे, एक वर्ष ती. धाकटे काका शेतात पुरते रुळल्यावर दोघे बरोबर जाऊ लागले. मी त्यांच्याबरोबर चार वाऱ्या केल्या. आजी पुढे तुळशीवाल्या बायकांत, आबा टाळकऱ्यांत, दिवसभर एकमेकांकडे बघणे नाही. वाखरीच्या तळावर मात्र ते तिच्यासाठी कुठून तरी भाजलेले कणीस आणत. ओट्यावरचे पाहुणे कमी झाले का, असे तुम्ही विचाराल. नाही झाले. पण आबा आत येऊन पिठाच्या मडक्यात स्वतः हात घालून बघू लागले. कधी बाहेर जाऊन सांगत, "माउली, आज खिचडी हाय, मीच केलीया, देवाचं नाव घेऊन खावा." ती खिचडी खाल्लेली माणसे पुन्हा फार दिवस येत नसत, असे आजीचे म्हणणे.

आबा २००३ साली गेले, चौऱ्याऐंशीव्या वर्षी, कार्तिकी एकादशी झाल्यावर. गुडघे गेल्यामुळे शेवटची तीन वर्षे चालणे नव्हते. काका त्यांना जीपने चांदोबाच्या लिंबाला नेत. अश्व धावून गेला की लोक टापांखालची माती कपाळाला लावायला झेपावतात. आबांना झेपावणे जमत नसे. मग कुणी ना कुणी अनोळखी माणूस आपल्या मुठीतली माती त्यांच्या कपाळाला लावी. ते त्याला म्हणत, "फुगडी उधार ऱ्हायली बरं का." शेवटच्या आठवड्यात बोलणे कमी झाले. डॉक्टर तपासायला आले, म्हणाले, आबा, श्वास घ्या. आबा म्हणाले, "घेतोय. सोडायचं बी तुमीच सांगा."

वर्षश्राद्धाला कीर्तन ठेवले आणि रात्री जागर. भजनी मंडळातल्या कुणालाच भारूड धरायचे धाडस होईना. हे घर, हा दिवस, कसे हसायचे? मध्यरात्र उलटली तशी आजी उठून आत गेली. पेटी उघडल्याचा आवाज आला. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातावर ते जांभळे लुगडे होते. मंडळातला एक उंच तरणा पोरगा पखवाजाशेजारी बसला होता, त्याच्यापुढे तिने ते धरले. त्याने खूप आढेवेढे घेतले, मग आत जाऊन नेसून आला. लुगडे त्याला आखूड पडले, पोटऱ्या उघड्याच. पहिले कडवे झाले, आणि तो घाबरत घाबरत आबांची जुनी वाक्ये म्हणू लागला. दहा पाहुण्यांचे वाक्य आले तिथे तो अडखळला.

आजीने बसल्या जागेवरून ते पुरे केले.